तिसऱ्या ओळीतली थरथर

निघताना बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, ट्रंकेकडे पाहिलं. पत्र्याची ती ट्रंक मीच रंगवली होती आणि झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटनं माझं नाव आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘दुबई’ असं लिहिलं होतं. एसटी यायला वेळ होता. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, दिनू, तू टपावर ट्रंक बांधायला दोरी घेऊन उभा होतास, आणि बाबा वाकून झाकणावरून बोट फिरवत होते. शाळेत चाळीस वर्षं मुलांची अक्षरं सुधारलेला माणूस. म्हणाले, “‘दु’चा उकार अंगावर आलाय. घाई केलीस.” गाडी सुटली तेव्हा आई दोन पावलं मागून आली. बाबा हात पाठीमागे बांधून तसेच उभे राहिले. मला खिडकीतून शेवटचं दिसलं ते हेच.

दिनू, हे तुला लिहितोय, पण गावात सगळ्यांना वाचून दाखव. इथल्या आपल्या मंडळींनाही मी याची एकेक प्रत देणार आहे. दोन महिन्यांपूर्वी तुझा फोन आला, की शाळेत हस्ताक्षराचं बक्षीस माझ्या नावानं द्यायचं ठरलंय आणि माझी माहिती लिहून हवी आहे. “दादा, जास्त नको, एक पान पुरे,” म्हणालास. एक पान पुरणार नाही. शाळेच्या वाचनालयात माझ्या नावानं जी तसबीर लावली आहे, फारसी अक्षरातली, चार तिरक्या ओळींची, ती माझ्या हातची नाही. आता तरुण असतो तर हे सांगून पळून गेलो असतो. बहात्तर वर्षांचा आहे, पळवत नाही. म्हणून नीट पहिल्यापासून सांगतो.

मी इथे आलो तो पेंटर म्हणून. अल कुसैसला एका साइनबोर्डच्या वर्कशॉपमध्ये ट्रकच्या दारांवर, गोदामांच्या शटरवर कंपन्यांची नावं रंगवायची. इंग्रजी माझ्याकडे होतं, अरबी दुसरा एकजण खडूनं आखून द्यायचा आणि मी त्यात रंग भरायचो. एका खोलीत सहाजण. तेव्हा सुट्टी शुक्रवारची असायची. बाकीचे झोपायचे, मी बसनं देऱ्याला यायचो, अब्रा नावाच्या उघड्या होडीत बसून खाडी ओलांडायचो आणि बर दुबईत उतरून नुसता फिरायचो. देवळाच्या गल्लीत फुलांचा वास यायचा, मीना बाजारात कापडाची ठाणं उलगडलेली असायची, कोणीतरी गुजरातीत भाव करत असायचं. त्या गल्ल्यांत पहिल्या वर्षी मी जितक्या पाट्या वाचल्या तितक्या आयुष्यात कधी वाचल्या नसतील.

तिथेच एका कापडदुकानाच्या मागे आगा सोहराबचं दुकान होतं. दुकान कसलं, एक मोठी खोली. इराणच्या दक्षिण किनाऱ्यावरून आलेला, साठीचा, जाड भुवयांचा माणूस. लग्नाच्या पत्रिका, दुकानांची नावं, घराच्या दारावरच्या पाट्या अशी कामं घ्यायचा, आणि ती लवकर उरकून बाकीचा वेळ कविता लिहायचा. म्हणजे कविता सुंदर अक्षरात लिहायचा. तिकडे ही एक स्वतंत्र कला आहे. कवितेची ओळ घ्यायची, ती मनात मुरवायची आणि मग ती कागदावर अशी उतरवायची की भाषा न येणाऱ्यालाही तिचा मूड कळावा. त्या अक्षराला नस्तालीक म्हणतात. ओळी झोपाळ्यासारख्या उजवीकडून डावीकडे खाली उतरतात.

मी दारात उभा राहून पाहत होतो. त्यांनी मान वर न करता विचारलं, “क्या काम करता है?”

“पेंटर.”

“पेंटर रंग भरता है. लिखना अलग है.”

मला राग आला. मी आत गेलो आणि त्यांच्या हातातलं लेखणीचं टोक पाहून न राहवून म्हणालो, “हा तर बोरू!” बाबा ज्यानं मुलांना कित्ता घालून द्यायचे तोच, पोकळ काडीचा, तिरका कापलेला. आगांनी तो शब्द दोनतीनदा म्हणून पाहिला, “बोरू, बोरू,” आणि हसून माझ्यापुढे एक रद्दी कागद सरकवला. मी बोरू कापून दाखवला. त्यांनी माझा काप पाहिला, मान हलवली आणि सुरीनं ते टोक उडवून दिलं. “अच्छा काटा. हमारे लिए गलत.” पुन्हा नव्यानं कापून दिला. त्या दिवसापासून मी त्यांचा विद्यार्थी झालो आणि ते उस्ताद झाले. माझं नाव विचारल्यावर मी सांगितलं, वसंत, म्हणजे तुमच्याकडचा बहार. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी बहारभाई.

पहिले तीन महिने फक्त ठिपका. बोरूचं टोक टेकवायचं, फिरवायचं, उचलायचं. त्यांच्याकडे प्रत्येक अक्षर ठिपक्यांनी मोजतात. उभी रेघ तीन ठिपक्यांची, अमकी वाटी इतक्या रुंदीची. नंतर एकाच कागदावर तेच अक्षर पुन्हा पुन्हा, आडवं, उलटं, एकावर एक, पान काळं होईपर्यंत. खोलीतले मला वेडा म्हणायचे. “अरे वसंता, आठवडाभर रंगवतोस ते कमी पडतं काय?” पण शुक्रवारी त्या दुकानात बसलो की मला घरी बसल्यासारखं वाटायचं. उस्ताद लाल शाईनं चूक दाखवायचे, आणि तो लाल ठिपका बघताना मला बाबांचीच पेन्सिल दिसायची.

मला फारसी येत नव्हती. उस्ताद म्हणायचे, अर्थ न कळता ओळ लिहिणं म्हणजे न ओळखणाऱ्याच्या घरी जेवायला बसणं. म्हणून आधी ते ओळ म्हणायचे, मग मोडक्या हिंदीत सांगायचे, आणि मी ती मनात मराठीत करून घ्यायचो. त्यांची एक सवय मला फार आवडायची. नस्तालीकमध्ये काही अक्षरं लांब ओढता येतात. ती कुठे ओढायची हे ते कवितेला विचारायचे. जिथे कोणी वाट पाहतंय, जिथे निरोप आहे, तिथे ओढ. “जहाँ कवी साँस रोकता है, वहाँ तू हाथ मत रोक.”

आणि एक नियम होता. विद्यार्थ्यानं आपल्या कामाखाली नाव घालायचं नाही, उस्ताद सांगेपर्यंत. कितीही वर्षं लागोत. त्यांना स्वतःला ती परवानगी मिळायला अकरा वर्षं लागली होती. मी पाच-सहा वर्षांनी एकदा धीर करून विचारलं. म्हणाले, “नाम की इतनी जल्दी क्यों? पासपोर्ट पर लिखा है ना?” मी हसलो, पण लागलं. कारण बाबांची पत्रं येत होती. ‘तिथे काही लिहितोस, की नुसते ट्रकच रंगवतोस?’ काय पाठवणार? बिननावाचे कागद?

उस्तादांची बायको तिकडेच राहिली होती, किनाऱ्यावरच्या त्यांच्या गावात, आणि तिथेच वारली. त्यांना वेळेवर जाता आलं नाही. तिच्यावर त्यांनी स्वतः चार ओळी रचल्या. दुसऱ्या कोणाची कविता नाही, त्यांची. मी त्या मराठीत अशा करून घेतल्या होत्या:

तू दिवा लावलास पलीकडच्या किनाऱ्यावर,
मी इथून वाट पाहिली पाण्यावर.
उजेड आला, तू आली नाहीस.
आता त्या उजेडालाच तुझ्या नावानं हाक मारतो.

या चार ओळी त्यांनी किती वेळा लिहून फाडल्या याला हिशेब नाही. तोवर त्यांचा हात कापायला लागला होता. शेवटी एक कागद त्यांना पसंत पडला. पानावर तिरक्या उतरणाऱ्या चार ओळी, आणि तिसऱ्या ओळीच्या टोकाला, ‘तू आली नाहीस’ इथे, ती लांब ओढ. सही केली नाही. “वापस आके करूँगा.” तपासणीसाठी ते इराणला गेले आणि दुकानाची किल्ली माझ्याकडे देऊन गेले. दोन महिन्यांनी शेजारच्या कापडदुकानात फोन आला. शेजारी येऊन एवढंच म्हणाला, “आगा खलास.”

आता माझी गोष्ट. उस्ताद गेल्याचं कळून दोन आठवडे झाले असतील. शारजात एका सांस्कृतिक केंद्रात सुलेखनाचं प्रदर्शन होतं. मी त्यांची आठवण म्हणून तो कागद घेऊन गेलो, आणि हे देवाशपथ खरं आहे, की घरून निघालो तेव्हा मनात दुसरं काही नव्हतं. टेबलामागचा माणूस म्हणाला, “नाम कहाँ है? साइन नहीं तो एंट्री नहीं. कल तक लाओ. यल्ला, जल्दी.”

मी दुकानात परत आलो. दुपार होती, शटर अर्धं ओढलं. उस्तादांची सही मला हुबेहूब करता आली असती. पण मेलेल्या माणसाची सही करणं पाप, असा मोठा विचार मी केला. आणि मग बोरू शाईत बुडवून डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत माझं नाव लिहिलं. इतका वेळ लागला, जितका हे वाक्य वाचायला लागतो. मनाची समजूत घातली, की आठ वर्षं बसलोय, ही परवानगी आता कोण देणार? हातही त्यांच्याच हातावर घडलेला आहे. हे सगळं सुचायला माणसाला वेळ लागत नाही.

पहिलं बक्षीस मिळालं. पेपरात फोटो आला, फारसी लिहिणारा मराठी माणूस. त्यावर मला वर्कशॉप सोडून उस्तादांचं दुकान चालवता आलं, वर्ग घेता आले, तुझ्या वहिनीला आणि निखिलला आणता आलं. तसबिरीची प्रत मी गावी पाठवली. आणि बाबांचं पत्र आलं. दिनू, ते पत्र तूच पोस्टात टाकलं होतंस. त्यात एकच ओळ कामाची होती. ‘वसंता, भाषा कळत नाही, पण आता अक्षर वळणाला लागलं.’

माझ्या अक्षराला बाबा जन्मात एकदाच चांगलं म्हणाले, आणि ते माझं नव्हतं. मी लगेच लिहून कळवायला हवं होतं. आज कळवू, उद्या कळवू. वर्षाच्या आत बाबा गेले. तू सांगितलंस, शेवटच्या आजारात ती तसबीर त्यांनी पलंगाच्या पायथ्याशी लावून घेतली होती, आल्यागेल्याला दाखवायचे. त्यानंतर ती शाळेत गेली. मग कोणाला सांगणार? वहिनीलाही सांगितलं नाही. ती गेली त्याला तीन वर्षं झाली, माझ्या हुशारीवर विश्वास ठेवून गेली. तुम्हाला वाटायचं दादा आला की आठच दिवस राहतो, शाळेत ये म्हटलं की पोट दुखतं. आता कळलं असेल.

पण याहून वाईट पुढे आहे. उस्ताद गेल्यावर दहाएक वर्षांनी त्यांची मुलगी मेहरी नोकरीसाठी इकडे आली. हमरिया फ्री झोनमध्ये एका ट्रेडिंग कंपनीत कागदपत्रांचं काम. ती दुकान शोधत आली. “अमू,” म्हणाली, म्हणजे काका, “बाबांचं शेवटच्या दिवसांतलं काही राहिलंय का? आमच्याकडे काहीच आलं नाही.” तो कागद तिच्या समोर भिंतीवर होता.

मी म्हणालो, काही नाही.

तिनं भिंतीकडे पाहून ओळी मोठ्यानं वाचल्या आणि रडायला लागली. ही तर माझी आई, म्हणाली. मी म्हणालो, हो, शब्द उस्तादांचे, हात माझा. तिनं डोळे पुसले. म्हणाली, “बाबांनी तुला परवानगी दिली असती. त्यांच्या वतीनं मी देते.” आणि माझा हात दोन्ही हातांत घेतला. तो हात मला तेव्हा काढून टाकावासा वाटला.

त्यानंतर बावीस वर्षं ती दर नवरोजला मिठाई घेऊन यायची. त्या तसबिरीखाली बसून आम्ही चहा प्यायचो. निखिलच्या लग्नात ती घरच्यासारखी वावरली. नातवंडं तिला मेहरी आंटी म्हणतात. आपल्या बापाचा हात ती इतकी वर्षं माझा समजून बघत राहिली.

तुझा फोन आला त्याच आठवड्यात मी एका मुलीच्या लग्नपत्रिकेवरचं नाव लिहायला बसलो आणि माझा हात थरथरला. वयाचं आहे, डॉक्टर म्हणतो. मी तो कागद बघत बसलो, उस्तादांचा कापणारा हात आठवला आणि मग निखिलला फोन केला. म्हटलं, भिंतीवरची तसबीर काढ, मेहरीकडे जायचंय. ती आता अल कुसैसमध्येच राहते, माझ्या जुन्या वर्कशॉपपासून दोन सिग्नलवर. आता तिथे वर्कशॉप नाही, मोठं सुपरमार्केट आहे. निखिलनं तसबीर मागच्या सीटवर ठेवली. “बाबा, हिला सीटबेल्ट लावू का?” मी हसलो नाही, तेव्हा त्यानं गाडी सुरू केली. मला आणि तसबिरीला खाली उतरवून म्हणाला, “मी पार्किंग बघतो. कॉल मी.”

मेहरीनं चहा ठेवला होता. मी उभ्याउभ्याच सांगितलं. “मेहरी, हे उस्तादांच्या हातचं आहे. नाव तेवढं माझं.”

ती आत गेली. गॅस बंद केल्याचा आवाज आला. बाहेर येऊन समोर बसली.

“मी विचारलं होतं तुला.”

“हो.”

“हे तेव्हा भिंतीवर होतं.”

“हो.”

“आणि मी तुला परवानगी दिली.” ती हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. “बापाच्या हाताखाली बसून तुला मिठाई चारली, अमू. बावीस वर्षं. पिस्त्याची.”

तिनं तसबीर आडवी ठेवली, मागचे खिळे वाकवले आणि कागद बाहेर काढला. तिसऱ्या ओळीवर वाकली. ती स्वतः चांगली लिहिते, नजर पक्की आहे. त्या लांब ओढीवरून तिनं कागदाला न टेकवता बोट नेलं आणि मध्येच थांबली.

“इथे बघ. रेघ हलली आहे.”

मी मान हलवली.

“मी दर वर्षी हे बघायची. मनात म्हणायची, अमू चांगला लिहितो, पण इथे कच्चा पडला. बाबांनी ही ओढ अशी सोडली नसती.” मग तिनं बोट मागे घेतलं. “त्यांचा हात कापत होता?”

“शेवटचं वर्षभर. कप दोन्ही हातांनी धरायचे.”

“मी तेव्हा शिकायला दूर होते. मला कोणी सांगितलं नाही.” मी फक्त श्रेय चोरलं असं समजत होतो. एका मुलीकडून तिच्या बापाचं म्हातारपण मी नेलं होतं, हे मला त्या खोलीत कळलं.

मग ती उठली आणि ओला कापूस घेऊन आली. हा कागद साधा नसतो, त्यावर खळ आणि अंड्याचा पांढरा बलक चढवून तो दगडानं घोटलेला असतो. शाई आत मुरत नाही, वर बसते. चुकलेलं अक्षर ओल्या कापसानं निघतं. पहिल्या वर्षातच शिकवतात हे. म्हणजे माझं नाव त्या कागदावरून कुठल्याही दिवशी, कुठल्याही दुपारी, दोन मिनिटांत पुसता आलं असतं.

“पूस,” ती म्हणाली. “मी नाही पुसणार.”

मी पुसलं. हात थरथरत होता म्हणून तिनं मनगट धरलं. कापूस काळा झाला, कोपरा स्वच्छ झाला. मी विचारलं, आता उस्तादांचं नाव घालतेस? तिनं नाही म्हटलं. “त्यांनी घातलं नाही. परत येऊन घालणार होते. तसंच राहू दे.” तो कागद तिच्याकडेच ठेवून निघालो तेव्हा ती दारात म्हणाली, “मी दिलेली परवानगी परत घेतली, अमू. कळलं ना? रविवारी ये. कोरे कागद घेऊन.”

मला वाटलं आणखी काही ऐकवायचं असेल. गेलो. तिनं टेबलावर बोरू, दौत आणि लाल शाई मांडून ठेवली होती. म्हणाली, बस, ठिपक्यापासून. मी बसलो. त्याला आता सात रविवार झाले.

आता तुझ्याकडे काय मागायचं ते सांगतो. वाचनालयातल्या प्रतीखालची माझ्या नावाची पितळी पट्टी काढ. कोपऱ्यातलं माझं नाव झाकून प्रत राहू दे, सुंदर आहे. कोणी विचारलं तर आगा सोहराबांच्या हातची आहे असं सांग. बक्षिसाला माझं नाव नको. द्यायचंच तर बाबांचं दे. बाबांबद्दल मला इतकी वर्षं वाटायचं, की मी त्यांना फसवलं. फसवलंच. पण ज्या माणसाला त्या लिपीतलं एक अक्षर वाचता येत नव्हतं त्यानं एका खऱ्या उस्तादाचं अक्षर ओळखलं. त्यांची नजर चुकली नव्हती. चूक खालच्या नावात होती.

इथली माणसं एकमेकांना विचारतात, घरी परत कधी? आम्ही सगळे इन्शाल्ला म्हणतो आणि व्हिसा रिन्यू करतो. मी घर म्हणजे गाव समजायचो आणि गावाला घाबरायचो, कारण तिथे भिंतीवर माझं खोटं नाव होतं. इथे दुकानात बसायचो, तिथेही तेच. दोन्हीकडे माझी खोली होती, पण मोकळं बसायला जागा नव्हती. आता मेहरीच्या जेवणाच्या टेबलाशी बसतो तेव्हा ती माझ्या कागदावर लाल ठिपके देते, “अमू, हे काय लिहिलंय, खेकडा?” म्हणून हसते, आणि मला सुटल्यासारखं होतं. तिला माझं सगळं माहीत आहे आणि तिनं खुर्ची काढून घेतलेली नाही. घर याहून वेगळं काय असतं मला ठाऊक नाही. गावातही तुम्ही हे वाचाल तेव्हा काहीजण बोलणार नाहीत, काहीजण नको तेवढं बोलतील. बोलू देत. तोंडावर बोलतील ना, मग मी येतो.

तिकीट काढायला निखिलला सांगितलंय. या वेळी आठ दिवसांचं नको, महिन्याचं काढ म्हटलं. मेहरीनं मात्र महिनाभराचा गृहपाठ दिलाय, रोज एक पान, आणि ताकीद दिली आहे की एकाही पानाखाली नाव घालायचं नाही. तेव्हा दिनू, खिडकीजवळ एक टेबल लावून ठेव, सकाळचा उजेड येईल असं.